चवीचा तुकडा

टर्कीचा कच्चा खिमा हाताला आधी गार लागतो आणि मग चिकट. रंग फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरा. ओलं खोडरबर किसावं तसा. मी हातमोजे घालून तो मळायची, तरी मोज्याच्या आत गारठा पोचायचा आणि पोटात ढवळायला लागायचं. दहा मिनिटं मळायचं असं मी ठरवून घेतलं होतं. घड्याळ लावायचं, आणि ती दहा मिनिटं श्वास तोंडानेच घ्यायचा.

अकरा वर्षांत मी खिमा खाल्लेला नव्हता. मी मांस तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कत्तलखान्यांतून आणि गोदामांतून नमुने येतात. त्यातला पंचवीस ग्रॅम खिमा पारदर्शक पिशवीत घालायचा, वर मोजून द्रव ओतायचा आणि पिशवी यंत्रात अडकवायची. यंत्राच्या दोन पाट्या तिला दोन मिनिटं आळीपाळीने लाथा घालतात. त्यातून जो राखाडी फेस तयार होतो त्याचे थेंब बशीत घालून ठेवले की दोन दिवसांनी त्यात काय काय उगवतं, ते रोज पाहणाऱ्या माणसाला बर्गरच्या जाहिरातीचीही शिसारी येते. आमच्याकडे कामाच्या पहिल्या दिवशी बजावतात, इथली कुठलीही वस्तू तोंडात जाता कामा नये. पेनाचं टोकसुद्धा चावायचं नाही. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की घरीही मी बिस्किटाचा पुडा दातांनी फाडत नाही.

तरी रोज संध्याकाळी मी खिमा मळत होते, कारण माझ्या वडिलांच्या पायाचा अंगठा जायची वेळ आली होती.

बाबांना सतरा वर्षांपासून मधुमेह आहे. पायांची संवेदना बरीचशी गेलेली. बुटात एक खडा शिरला तो त्यांना तीन दिवस कळला नाही, आणि उजव्या अंगठ्याखाली चवड्याला जखम झाली. दर मंगळवारी नर्सबाई येऊन पट्टी बदलायच्या आणि कागदी मोजपट्टी लावून रुंदी सांगायच्या. चौदा मिलिमीटर. पुढच्या मंगळवारी चौदा. त्याच्या पुढच्या मंगळवारी चौदा. जखमेचा तळ फिकट, करडा, जास्त उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती जी कड येते त्या रंगाचा. मी नर्सबाईंच्या हाताशी उभी राहून पट्ट्या कापून द्यायची आणि नजर त्यांच्या कोपरावर ठेवायची.

सर्जनचं म्हणणं होतं की पायाला रक्त बेताचं पोचतंय, पण अगदीच पोचत नाही असं नाही. मांस भरून यायला कच्चा माल हवा, आणि बाबांच्या रक्तात प्रथिनं कमी आहेत. आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला. चरबी कमी, प्रथिनं जास्त, पाव बंद. बाबांना आवडतो बर्गर, म्हणून त्यांनी सुचवलं की टर्कीच्या छातीच्या खिम्याचा, बिनपावाचा बर्गर रोज द्या. मला हायसं वाटलं. निदान आवडीचा पदार्थ तरी होता.

बाबा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं तव्यापाशी उभे होते. तिथे दोन्ही पाळ्यांचे कामगार बर्गरसाठी रांग लावायचे. हाताखालची माणसं त्यांना उस्ताद म्हणायची, आणि निवृत्तीनंतर भेटायला आलेले फिटर आणि वेल्डरही उस्तादच म्हणायचे. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. पाव बंद झाल्याचं ऐकून ते एवढंच म्हणाले की पाव काढून घेतलात म्हणजे बर्गरला उघड्यावर आणलंत. मग त्यांनी काही कुरकुर केली नाही.

माझी पद्धत अशी होती. सकाळी कामाला जाताना खिम्यात मीठ, मिरपूड आणि लसणाची पावडर मोजून मिसळायची आणि तो फ्रीजमध्ये ठेवायचा, म्हणजे मीठ सगळीकडे सारखं पसरेल. संध्याकाळी दहा मिनिटं मळायचा. दीडशे ग्रॅमचा गोळा तोलून गोल साच्यात दाबून टिक्की करायची. तव्यावर टाकल्यावर मधोमध थर्मामीटरची सुई खुपसायची आणि आकडा चौऱ्याहत्तरवर गेला की आणखी दोन मिनिटं तव्यावरच ठेवायची, खात्री म्हणून. मग दोन लेट्यूसच्या पानांत ठेवून ताटली बाबांच्या खोलीत नेऊन द्यायची आणि लगेच बाहेर पडून स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडायच्या. शिजलेल्या खिम्याचा वास पडद्यांत बसतो. अर्ध्या तासाने मी ताटली आणायला जायची तेव्हा ती स्वच्छ, पुसल्यासारखी असायची. मी वहीत लिहायची: दीडशे ग्रॅम, पूर्ण.

त्या वहीवर माझा फार जीव होता.

चौथ्या आठवड्यात सर्जनने ती वही पानं उलटून उलटून पाहिली आणि इतक्या नीटनेटक्या नोंदी कुणी आणत नाही म्हणून माझं कौतुक केलं. मग ते म्हणाले की इतकं व्यवस्थित खाऊनही जखम भरत नाही, वजन तर उतरतंच आहे, तेव्हा आहारावर खापर फोडण्यात अर्थ नाही. रक्तच कमी पडतंय. वाट पाहिली तर पाय आणखी वरून कापावा लागण्याचा धोका. त्यांनी अंगठा काढायची तारीख दिली, बरोबर चोवीस दिवसांनंतरची. बाबा सगळा वेळ छताच्या पंख्याकडे बघत होते. मला वाटलं, घाबरलेत.

दुसऱ्या दिवशी आत्या आपल्या मुलीकडे बाळंतपणाला गेली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते आणि रोज संध्याकाळी खांद्याला मोठी कापडी पिशवी अडकवून भावाजवळ तासभर बसून जाते. ती गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी बाबांच्या खोलीत वास यायला लागला.

आधी तो अगदी बारीक होता. दार उघडलं की यायचा आणि आत दोन मिनिटं उभं राहिलं की हरवायचा. सहाव्या दिवशी संध्याकाळी मात्र मी दारातच थबकले. गोडसर, कुजकट, घशाच्या मागे जाऊन चिकटणारा वास. कुजणाऱ्या मांसातून हा वास ज्या पदार्थांमुळे येतो त्यांची नावं मला पाठ आहेत. नावं माहीत असली म्हणजे ओकारी थांबते असं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: पाय सडायला लागला. मी बाबांची पट्टी एका कडेने उचलून पाहिली, नाक जवळ न्यायचा धीर झाला नाही, पट्टी परत चिकटवली आणि नर्सबाईंना फोन लावला. त्यांचा वार नव्हता, तरी त्या सकाळी येते म्हणाल्या. मी सुट्टी टाकली. त्या दिवशीही बाबांना टिक्की दिली होती आणि वहीत लिहिलं होतं, पूर्ण.

नर्सबाई चांगल्या आडव्या अंगाच्या, जिने चढल्या की दाराशी उभं राहून आधी दम खाणाऱ्या. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी नाक मुरडलं. बाबांचा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली आणि तोंडावर काही न बांधता नाक जखमेच्या वीतभर अंतरावर नेलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "हा वास पायाचा नाही."

मी म्हटलं की दुसरा कशाचा असणार. त्या उठल्या, खोलीच्या मधोमध उभ्या राहून इकडेतिकडे मान फिरवली, पलंगाखाली वाकल्या, मग कपाटाकडे वळल्या. तिथे काही नाही, असं बाबा पटकन म्हणाले. कुणी न विचारता म्हणाले, त्यामुळे मीसुद्धा कपाटाकडे पाहिलं.

खालच्या कप्प्यात बुटांचं खोकं होतं. पायाला घासू नयेत म्हणून मी मुद्दाम करवून आणलेले बूट, जे बाबांनी एकदाही घातले नव्हते. बूट मागे सरकवलेले होते आणि खोक्यात कागदी रुमालांत गुंडाळलेल्या सहा टिक्क्या एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या. वरचे दोन रुमाल तेलकट होते. तिसरा ओला होता. खालचे तीन टिक्कीपासून वेगळे करता येत नव्हते, कागद आणि मांस मिळून एकच बुळबुळीत थर झाला होता, त्याला हिरवट चमक होती आणि कडेला पांढरी लव. सगळ्यात खालच्यात काहीतरी हललं. बारीक, तांदळाच्या कणीएवढं.

रोजच्या कामात मी याहून वाईट पाहिलं आहे. पण तिथे मी ते केलेलं नसतं, साच्यात दाबून, मधोमध सुई खुपसून. मी न्हाणीघरात जाऊन ओकले.

परत आले तेव्हा नर्सबाईंनी खोकं दोन पिशव्यांत बांधून दाराबाहेर ठेवलं होतं आणि खिडक्या उघडल्या होत्या. "आजोबा, काय दुकान थाटलं होतं का?" असं काहीतरी त्या बोलत होत्या. बाबा हसले नाहीत. पट्टी बांधून, हात धुऊन, मला दारापाशी नेऊन त्या हळूच म्हणाल्या की जखम वाईट नाही, नुसती उपाशी आहे. "मी पन्नास घरांत जाते, उपाशी जखम लगेच ओळखू येते, पण तुमची वही पाहून मी गप्प बसले."

मग मी खोलीत जाऊन खुर्चीवर बसले, आणि बाबांनी सगळं सांगितलं. पहिले तीन-चार दिवस त्यांनी टिक्की खाल्ली होती. मग घास तोंडात फिरायला लागला. पानं तेवढी ते खायचे. टिक्की रुमालात बांधून आत्याच्या पिशवीत, आणि आत्या ती खाली अंगणातल्या मांजरांना घालायची. आत्या गेली आणि माल साठत गेला. पाय टेकायचा नाही असं सांगितल्यामुळे त्यांना दोन जिने उतरता येईनात, आणि केराची पिशवी तर मी रोज बघून बांधते. आत्या येईपर्यंत दहा दिवस निभावतील असा त्यांचा हिशेब होता. एकतीस वर्षं मांस हाताळलेल्या माणसाचा हिशेब असा कसा चुकला, हे मी विचारलं. ते म्हणाले की वास त्यांना येतच नव्हता. म्हाताऱ्या माणसाचं नाक ते.

मी आत्याला फोन केला. मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण तिने मला तोंडच उघडू दिलं नाही. "मला काय बोलतेस," ती म्हणाली, "मांजरंसुद्धा हुंगून निघून गेली गं. एक बोका तेवढा खायचा, त्याला दात नव्हते तरी."

फोन ठेवून मी बाबांसमोर वही उघडली. अंगठा काढायची तारीख माझ्या वहीवरून ठरली होती. वहीतली एकूणएक नोंद खोटी होती आणि ती मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिली होती. एवढं होईपर्यंत बोलला का नाहीत, असं मी बाबांना विचारलं. सर्जनने तारीख दिली तेव्हा तरी.

ते चादरीची कड दुमडत राहिले. "तू इतकं मोजूनमापून करतेस," ते म्हणाले. "कसं सांगायचं? वाटलं, अंगठा गेला की हेही सुटेल."

मला रडूही आलं नाही आणि हसूही. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "तू कधी खाऊन पाहिलंस?"

मी नाही म्हटलं. एखाद्याने विचारावं की तू कधी त्या बशीला जीभ लावून पाहिलीस का, तशा सुरात म्हटलं. तोवर बाबा ओशाळलेले होते. आता त्यांचा चेहरा बदलला. हा चेहरा मी लहानपणी कँटीनच्या मागच्या दारातून पाहिला होता, कुणीतरी करपलेला घाणा ताटात वाढायला काढला होता तेव्हा.

ते आवाज न चढवता बोलले. एकतीस वर्षांत चाखल्याशिवाय एकही घाणा त्यांनी बाहेर सोडला नव्हता. ताप असला तर चाखून थुंकायचे, पण चाखायचे. खिमा मळून झाला की सुपारीएवढा तुकडा तव्यावर टाकायचा, भाजायचा, खायचा, मगच बाकीच्याला हात लावायचा. त्याला ते चवीचा तुकडा म्हणायचे. हाताखालच्या कुणी तो चुकवला तर त्याला त्या दिवशी घरी पाठवायचे.

"तू तोंडात घालणार नाहीस ते मला घालतेस," ते म्हणाले. "मी काय तुझा नमुना आहे का?"

मी जुनी वही उचलून बाहेर आले.

दुपारी मी सर्जनना फोन करून सांगितलं की वहीतला आहार पोटात गेलेला नाही. मग ते म्हणाले की तारीख मी हलवत नाही, पण अजून सतरा दिवस आहेत. आदल्या दिवशी नर्सकडून जखम मोजून मला कळवा. तळाचा रंग बदलला असेल तर विचार करू, नसेल तर नाही. आणि आता जे खातील ते डोळ्यांसमोर खाऊ द्या.

बाबांनी कबूल केलं, पण एका अटीवर. ते खातील. आधी मी खायचं, त्यांच्यासमोर, अख्खा घास, थुंकायचा नाही.

त्या दिवशीचा खिमा सकाळीच मीठ लावून ठेवलेला होता. मी नेहमीसारखी टिक्की केली, ताटली घेऊन त्यांच्या खोलीत बसले आणि सुरीने कोपरा कापला. कापताना तो किंचित उसळला. काट्याला टोचून तोंडाजवळ नेला तर आधी वास आला: ओला पुठ्ठा, आणि त्यामागे भिजलेली पिसं. माझ्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं, भुकेचं नव्हे. मी डोळे मिटले आणि घास आत टाकला.

बाहेरचा पापुद्रा चामड्यासारखा होता. आत दात गेले आणि मांस परत उसळून आलं, रबरी चेंडूसारखं. चावलं तसं ते सुटलं नाही. बारीक कोरडे कण झाले आणि तेही एकमेकांना धरून राहिले, दाढांमागे लगदा होऊन बसले. माझ्या डोळ्यांपुढे पिशवी आली, पाट्यांच्या लाथा, फेस. मी तोंडावर हात धरला.

"गिळ," बाबा म्हणाले.

मी गिळलं. डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि नाकातूनही. पाणी प्यायले. ते दुसरीकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"काय झालंय त्यात?"

मी म्हटलं, मला किळस येते.

"ती तुझी. टिक्कीचं सांग."

मग मी सांगितलं. सांगताना जरा बरं वाटलं, कारण निरीक्षण सांगणं मला येतं. उसळतं. सुटत नाही. कोरडं आहे पण भुगा होत नाही, चिकटून राहतं. मीठ सगळीकडे सारखं आहे म्हणून कुठेच लागत नाही. आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. खिम्यात मीठ मिसळून ठेवलं की मांसातली काही प्रथिनं विरघळतात आणि एकमेकांना धरून जाळं विणतात. सॉसेज करणारे हेच मुद्दाम करतात. मी रोज सकाळी मीठ घालत होते, दहा तास मुरवत होते आणि वर दहा मिनिटं मळत होते. मी फ्रीजमध्ये डिंक तयार करत होते. शिवाय छातीच्या मांसात चरबी नावाला, ते मी चौऱ्याहत्तरच्या वर दोन मिनिटं शिजवायची, म्हणजे ताटलीत येईपर्यंत ते ऐंशीच्या पुढे गेलेलं असणार. हे सगळं मला माहीत होतं. एक घास खाल्ला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

बाबा म्हणाले, "एवढं सगळं मला नव्हतं माहीत. मला एवढंच माहीत होतं की हे गिळत नाही." आणि त्यांनी ताटली पुढ्यात ओढून ती टिक्की अर्धी खाल्ली, शब्द दिला होता म्हणून, प्रत्येक घासाला पाणी पीत. मी समोर बसून पाहिलं. तेही सोपं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी ते खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसले, पाय स्टुलावर. आहारतज्ज्ञ बाईंना फोन करून मी निम्मा टर्कीच्या मांडीचा, जरा जास्त चरबीचा खिमा घालायची परवानगी घेतली होती. बाबा सांगत गेले. कांदा किसून पिळून घे. मशरूम अगदी बारीक चिरून तव्यावर टाक, पाणी सुटेल, ते आटू दे, मग गार कर. लसूण ताजा ठेच, पावडर नको. मिरी जाडसर कुट. चमचाभर दही, थोडी मोहरीची पेस्ट. मीठ नको, मीठ शेवटी, वरून. मी हातमोजे काढले, म्हणजे त्यांनी काढायला लावले. मोज्याला काय कळणार आहे, म्हणाले.

उघड्या हाताला तो खिमा अपेक्षेपेक्षा मऊ लागला आणि त्यामुळे जास्तच घाण वाटला. बोटांच्या बेचक्यांत शिरला, नखांखाली गेला. मी मळायला लागले तसे ते जवळजवळ ओरडले. मळायचं नाही, नुसतं उलथंपालथं करायचं, बाळाचे केस पुसतात तसं. सगळं मिळून आलं की थांबायचं. मी थांबले आणि कोपरापर्यंत तीनदा हात धुतले.

मग चवीचा तुकडा. सुपारीएवढ्या गोळीत थर्मामीटरची सुई मावत नाही, म्हणून मी तो चपटा करून पूर्ण पांढरा होईपर्यंत भाजला आणि मधोमध तोडून पाहिला. तोंडात घातला. पुन्हा तीच शिरशिरी, मानेपासून खाली उतरत जाणारी. पण तो दातांखाली सुटला. गिळलाही गेला. मी म्हटलं, लसूण कमी आहे, आणि काहीतरी आंबट हवं. बाबांनी मान हलवली. मी मोहरी वाढवली, दुसरा तुकडा टाकला, दुसराही खाल्ला.

तवा चांगला तापल्यावर टिक्कीला दोन्ही बाजूंनी मीठ लावून ती टाकायची आणि चार मिनिटं अजिबात हात लावायचा नाही, आपोआप सुटते तेव्हाच उलटायची. थर्मामीटर मी सोडला नाही, आणि त्यांनीही सोडायला सांगितलं नाही. सुई बहात्तरवर आली की टिक्की उतरवून झाकून ठेवायची, आकडा झाकणाखाली पंचाहत्तरवर जाताना मी स्वतः पाहायची आणि मग वाढायची. लेट्यूस त्यांनी बाद केला. ते म्हणाले की पावाचं काम रस धरायचं असतं, ही पानं नुसती गळतात. त्याऐवजी कोबीचं आतलं वाटीसारखं पान एका बाजूने तव्यावर भाजून त्यात टिक्की ठेवायची. भाजलेली बाजू आत, म्हणजे रस तिथे मुरतो आणि बाहेरची बाजू दाताखाली कुरकुरते.

त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि खाल्ली. रस मनगटापर्यंत ओघळला. तो त्यांनी चाटला. मला बघवत नव्हतं आणि मी बघत होते, कारण सर्जनने डोळ्यांसमोर म्हटलं होतं. ताटलीत पानाचा देठ उरला. मी नव्या वहीत लिहिलं: एकशे पन्नासपैकी एकशे पन्नास, पाहिलं.

असे सोळा दिवस गेले. रोज दोन तुकडे मी खायची, कधी तीन. किळस गेली नाही. लोक म्हणतात सवय होते. मला झाली नाही. मी फक्त किळस असताना चव घ्यायला शिकले, जशी प्रयोगशाळेत वास येत असताना मोजायला शिकले होते. मिरी जास्त झाली, कांदा नीट पिळला नव्हता, आज मशरूममध्ये पाणी राहिलं, हे मला कळायला लागलं. एका संध्याकाळी मीठ कमी पडलं ते बाबांच्या आधी माझ्या लक्षात आलं. त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या.

आत्या परत आली तेव्हा दारातच पिशवी उलटी करून म्हणाली की झडती घ्यायची तर घे. मग भावाच्या ताटलीतला तुकडा न विचारता उचलून खाल्ला आणि दुसऱ्याला हात घातला. बाबांनी तिच्या हातावर चापट मारली. खाली मांजरं वाट बघत असतील, असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, त्यांना सांग, दुकान बंद झालं.

तारखेच्या आदल्या दिवशी नर्सबाई आल्या. मी पट्ट्या कापून दिल्या आणि नेहमीसारखी त्यांच्या कोपराकडे पाहत उभी राहिले. त्यांनी जुनी पट्टी काढली, मिठाच्या पाण्याने जखम धुतली, कागदी मोजपट्टी लावली. मग पुन्हा लावली.

"बारा," त्या म्हणाल्या. "आणि ताई, इकडे या. तळ बघा."

मी कोपरापर्यंतच पाहते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दिव्याची मान वळवली आणि वाट बघत थांबल्या. बाबाही थांबले होते, उशीवरून मान उचलून. त्यांना स्वतःला चवड्याखालचं दिसत नाही. त्यांना जे कळायचं ते समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच.

मी वाकले. करडा रंग गेला होता. त्याच्या जागी लालभडक, ओलं, बारीक बारीक दाण्यांचं मांस वर आलं होतं, ताज्या खिम्यासारखं, चमकणारं. दिव्याखाली त्यावर पाण्याचा पातळ थर थरथरत होता. एका कडेला रक्ताचा टाचणीएवढा ठिपका होता.

"रक्त आलं," मी म्हटलं.

नर्सबाई म्हणाल्या की यायलाच हवं. जिथे रक्त पोचतं तिथेच येतं. त्या फोन काढून सर्जनना कळवायला खिडकीपाशी गेल्या, आणि आम्ही दोघं त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. बारा, हो, लाल, दाणेदार, वास नाही, असं त्या एकेक सांगत होत्या. मग नुसतं ऐकत होत्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या की उद्याचं रद्द. तीन आठवड्यांनी परत बघतील.

बाबांनी मान उशीवर टाकली. आत्याला फोन कर म्हणाले. मी करते म्हटलं.

पण मी आधी पुन्हा वाकले. तोंडात ओकारीचं पाणी सुटलं, आणि जीभ टाळूला घट्ट लावून मी त्या लाल, ओल्या खड्ड्याकडे बघत राहिले. नर्सबाईंनी पट्टी टाकायला हात पुढे केला.

"थांबा जरा," मी म्हटलं.